पी हळद अन् हो गोरी? तालमीत नाही!

बसा. मोबाइल बंद करून तिकडे गदेपाशी ठेवा आणि आज सांगतो ते निमूट ऐका. मधे बोलायचं नाही. "पण वस्ताद" हे दोन शब्द आज या तालमीत चालणार नाहीत.

बरेच दिवस बघतोय. पहाटे हौदात उतरायच्या वेळेला तुमच्यातले निम्मे गायब. उरलेले येतात ते कसेबसे जोर मारतात, भिंतीला पाठ टेकतात आणि मोबाइलवर तो चिनी म्हातारा लावून बसतात. पांढरी दाढी, रेशमी झगा, नुसता हात हलवला की समोरचे चार गडी उडून पडतात. मग एक जण उठून मला विचारतो, "वस्ताद, ही आतली ताकद आपल्याला कधी शिकवणार?" कधी शिकवणार! अरे, जोर मारताना तुझी कंबर लोंबते, बैठक मारताना गुडघे आत पडतात, खडाखडीला समोर गडी आला की तू श्वास कोंडून धरतोस. आणि तुला आतली ताकद पाहिजे? आधी बाहेरची कुठं आहे ती तर दाखव.

लेकरांनो, तुम्ही हिंगोली जिल्ह्यातली. हळदीच्या मुलखातली. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक तुम्हीच मला सांगितलंत. ती हळद घरात कशी येते हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसाच्या तोंडावर बेणं लावायचं, आठ-नऊ महिने पाणी, निंदणी, खत. मग खणायची, शिजवायची, उन्हात पसरून वाळवायची, आणि शेवटी ढोलात घालून घासायची तेव्हा तिला रंग चढतो. शिजवणं गाळून कुणी थेट ढोलात घातली, तर मोंढ्यात तिला कोण हात लावील? ज्यांचा बाप हे वर्षानुवर्षं करतो, ती पोरं तालमीत येऊन म्हणतात, आम्हाला थेट रंग द्या. पी हळद अन् हो गोरी!

बरं, तुमचा तो म्हातारा राहू द्या. ज्या विद्येचं नाव तो घेतो तिच्याबद्दलच बोलू. चीनमध्ये ज्यांना आतल्या कला म्हणतात त्या मुख्यतः तीन. ताईची, शिंगयी आणि बागुआ. ताईचीचं जुनं घर आहे हेनान प्रांतातलं चेनजियागौ. राजवाडा नाही, डोंगरावरचा मठ नाही, पीत नदीच्या खोऱ्यातलं शेतकऱ्यांचं खेडं. आपल्या या गोरेगावसारखंच म्हणा. सतराव्या शतकात चेन वांगटिंग नावाच्या लष्करी माणसानं या विद्येचा पाया घातला, असं चेन घराणं मानतं. पुढच्या पिढ्यांनी शेती करत करत ती सांभाळली. शेतात राबायचं आणि राबून आल्यावर सराव करायचा. "शेतीच्या कामातून वेळ मिळत नाही" हे कारण तुम्ही मला देता. त्या घराण्यानं ते कारण एवढ्या पिढ्या दिलं असतं, तर तुमच्या मोबाइलवर आज बघायला काही उरलंच नसतं.

त्याच घराण्यात 1887 साली चेन फाके जन्मला. त्याच्या परंपरेत सांगतात की लहानपणी तो आजारी आणि आळशी होता. घरातली मोठी माणसं बोलली, हे पोर घराण्याचं नाव घालवणार, आणि ते त्याला लागलं. त्यानं कुठला मंत्र शोधला नाही. त्याच्या पुढं गेलेला चुलतभाऊ एकदा सराव करी, तेव्हा यानं अनेकदा करायचा. काही वर्षांनी त्यानं त्या भावाला पाडलं. 1928 साली तो बीजिंगला गेला आणि 1957 साली वारला तोपर्यंत शिकवत राहिला. त्याचे शिष्य सांगत की भर उमेदीत तो रोज आख्खा क्रम वीस-तीस वेळा करी, आणि वर लांब जड काठी घेऊन तिला शेकडो झटके देई. आतली कला शिकवणारा माणूस हा. तुमचे जोर मी मोजायला उभा राहिलो की आकडा वाढतो आणि पाठ फिरवली की घटतो. कुणाला फसवताय? मला? मी तर माझे जोर माझ्या वयात मारून बसलोय.

तुमची आवडती दुसरी गोष्ट त्या यांग लुचानची. 1799 साली जन्मलेला हा परगावचा माणूस चेन गावात आला आणि रात्री भिंतीच्या फटीतून चोरून बघून सगळी विद्या शिकला, अशी दंतकथा आहे. तुमच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला, चोरून. तो तिथले गुरू चेन चांगशिंग यांच्याकडे कितीतरी वर्षं राहिला, पुन्हा पुन्हा परत येऊन शिकला, हा दंतकथेतलाच पुढचा भाग तुम्ही सोडून दिला. पुढं बीजिंगमध्ये लोक त्याला अजिंक्य यांग म्हणू लागले, ते फटीतून बघितल्यामुळं नव्हे. नुसतं बघून विद्या येत असती, तर जत्रेतल्या कुस्त्यांना कडेला बसणारा प्रत्येक जण आज महाराष्ट्र केसरी असता.

आता शिंगयी. तिथं नव्या पोराला पहिल्या दिवशी ठोसा शिकवत नाहीत. उभं करतात. एक पाय पुढं, एक मागं, जास्त भार मागच्या पायावर, पुढचा हात समोर, नजर त्या हातावरून पलीकडं. झालं. उभा राहा. किती वेळ? गुरू थांब म्हणेपर्यंत. दिवस, महिने. मग पाच मूळ ठोसे, त्यातला एकेक अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत फिरून पुन्हा तोच. एकोणिसाव्या शतकातला गुओ युनशेन हा त्यांचा नावाजलेला पैलवान अर्ध्या पावलात मारलेल्या एकाच सरळ ठोशासाठी ओळखला जातो. एकाच! तुम्हाला मोबाइलवरून चाळीस डावांची नावं पाठ आहेत. कलाजंग, धोबीपछाड, मोळी, ढाक, भारंदाज. मला त्यातला एक डाव दाखवा, जो समोरचा गडी विरोध करत असताना तुम्ही पुरा करू शकता. कुणी उठतोय? नाही ना? बसा मग.

त्या गुओचा शिष्य वांग शियांगझाय यानं तर पुढं ठराविक हालचालींचे क्रमच बाजूला ठेवले आणि उभं राहणं हाच सरावाचा पाया केला. बागुआवाले गोल चालतात. एका वर्तुळावर, गुडघे वाकवून, पाऊल न आपटता, तासन् तास. तुम्हाला रोज तेच तेच करून कंटाळा येतो म्हणे. त्या लोकांकडं गेलात तर पहिल्या आठवड्यात पळून याल.

उभं राहण्यात काय आहे, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. उठा सगळे. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे थोडे वाकलेले, ते पायाच्या बोटांपुढं जाऊ द्यायचे नाहीत. पाठ सरळ, खांदे खाली, हात छातीसमोर, झाडाला कवेत घ्यावं तसे. श्वास नाकानं. राहा असे. बघा, दुसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या. तिसऱ्याला खांदे कानाशी गेले. आता मन पळायला लागलं, घड्याळ शोधायला लागलं. आतली कला इथून सुरू होते. आपल्या अंगातला कोणता स्नायू उगाच ताणलाय हे शोधायचं आणि तो सोडायचा, पण ठेवण मोडू द्यायची नाही. खांदा ताठ असला की पायातून आलेला जोर खांद्याशी अडतो, हातापर्यंत पोचत नाही. जोर जमिनीतून येतो. तळवा, मांडी, कंबर, पाठ, मग हात. मधे एक सांधा जरी वेडावाकडा असला तरी सगळं वाया. ते लोक सावकाश हालतात ते दिसायला छान म्हणून नव्हे. झपाट्यात चूक लपते, सावकाश केलं की उघडी पडते. बसा आता. तीन मिनिटांत ही गत, आणि निघाले चार गडी उडवायला!

तुमच्यातल्या एका शहाण्यानं मला सांगितलं, "वस्ताद, त्यांचे मोठे गुरू म्हणतात ताकद वापरू नका, मन वापरा. मग एवढ्या बैठका कशाला?" अर्धं वाचलेला माणूस अडाण्यापेक्षा वाईट. यांग लुचानचा नातू यांग चेंगफू यानं शिष्यांसाठी दहा नियम सांगितले, त्यातला तो एक. डोकं वर ताठ, कंबर सैल, खांदे आणि कोपर खाली, वर-खाली सगळं अंग एकत्र, कोणत्या पायावर भार आहे आणि कोणता मोकळा आहे याचं भान. हे सगळं त्याच दहांत आहे. ते तू का नाही वाचलंस? ज्याच्या मांड्या वर्षानुवर्षांच्या सरावानं घट्ट झाल्यात त्याला सांगतात, आता ताकदीचा आडदांडपणा सोड. ताकद असून ती हातचं राखून वापरणं ही विद्या आहे. मुळात ताकदच नसणं हा आळस आहे. या दोहोंत गल्लत करायची नाही.

आता ते उडून पडणारे गडी. ते कोण असतात, विचारलंत कधी? त्या म्हाताऱ्याचेच चेले. गुरू हलला की आपण पडायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. 2017 साली चीनमधल्या चेंगदूत शू शियाओदोंग नावाचा आजच्या धाटणीचा लढवय्या आणि स्वतःला ताईचीचा गुरू म्हणवणारा एक जण समोरासमोर आले. अर्ध्या मिनिटाच्या आत गुरू खाली होता. सगळ्या चीननं ते बघितलं. म्हणून ताईची खोटी ठरली का? नाही. जो कधी खऱ्या विरोधाशी झगडला नाही तो खोटा ठरला. चेलेच उडवत बसलेल्या माणसाचं काय होतं, हे तुम्हाला मोबाइलवर बघायचं असेल तर ते बघा.

खऱ्या ताईचीवाल्यांकडं ती चूक सुधारायची रीत जुनीच आहे. दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगट मनगटाला लावतात, हळूहळू ढकलतात, ओढतात, वळतात. समोरच्याचा भार कुठं आहे, तो कधी पुढं झुकतोय, हे कातडीनं ओळखायचं. डोळ्यांनी बघून ओळखेपर्यंत उशीर होतो. आता सांगा, हे आपल्याकडं काय आहे? बोला की! खडाखडी. तुमच्या हौदात रोज होते ती. गडी मानेवर हात ठेवतो, तुम्ही दंड धरता, डोकी भिडतात. त्या वेळी तुम्ही काय करता? घाई. दोन झटके आणि लगेच पटात घुसायला बघता. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे हे कळल्याशिवाय पट काढता येत नाही. मोकळा पाय उचलायला हलका असतो, पण तो मागंही झटकन जातो. भारावरचा पाय मागं जाऊ शकत नाही, पण तो उचलायला तुमच्या कंबरेत जोर लागतो. कधी कोणता धरायचा हे खडाखडीत तुमच्या हातांना कळलं पाहिजे. ते कळावं म्हणून जुने वस्ताद पोरांना नुसती खडाखडी करायला लावत, डाव टाकायची मनाई. तुम्हाला ते पोरखेळ वाटतं. चिन्यांनी केलं की मात्र आतली विद्या!

आणि परवा कुणीतरी म्हणालं, "इथं गादी नाही, मराठवाड्यात सोयी नाहीत." नाचता येईना अंगण वाकडं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव तरी घेता ना? 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती, तरी सहावे आले. परत येऊन रडत बसले नाहीत. चार वर्षं राबले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि मराठवाड्यात काही नाही म्हणता? लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार रुस्तुम-ए-हिंद झाले, 1977 साली बेळगावच्या मैदानात त्यांनी पैलवान सतपालला हरवलं, आणि पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पैलवानांच्या पिढ्या घडवल्या. अर्जुन पुरस्कार मिळवणारे काका पवारही लातूरकडचेच. त्यांनाही आधी माती आणि बापाचं शेतच होतं.

एकट्यानं करायचा सराव म्हणाल, तर त्यासाठीसुद्धा चीनला जायची गरज नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नव्यानं उभी केली. समोर गडी नसताना पकड, मांड्यांची आवळ, कंबरेचा पीळ आणि उलट्या अंगाचा तोल कसा कमवायचा, हे तो खांब शिकवतो. शेजारच्या वऱ्हाडातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 साली बर्लिन ऑलिंपिकला गेला आणि मल्लखांबासकट आपले खेळ जगाला दाखवून आला. आपल्या तालमीत खांब आहे. त्यावर आज काय आहे? तुमचे सदरे वाळत घातलेत.

या हौदाची अवस्था बघा. माती दगडासारखी झालीय. ताक, तेल, लिंबू, हळद घालून माती मळायची रीत कुणासाठी होती? तुमच्या कातडीला जखम झाली तर ती चिघळू नये म्हणून, आणि पडल्यावर हाड मोडू नये म्हणून. पण फावडं घेऊन हौद खणायला कुणी येत नाही, कारण खणताना कुणी व्हिडिओ काढत नाही. खणणं हीच पहिली कसरत आहे. पाठ, दंड, पकड, श्वास सगळं त्यात येतं. तुमच्यातल्या निम्म्यांना पोलीस भरतीला जायचंय. सोळाशे मीटर धावायचं, शंभर मीटर धावायचं, गोळा फेकायचा. तिथं पट्टीवाला आतली ताकद मोजत नाही, गोळा कुठं पडला ते मोजतो. आणि तो पावडरीचा डबा, कोण आणतो तो? महिन्यात दंड फुगवणारी पावडर आणि कुठल्याशा पोराकडून घेतलेल्या सुया इथं दिसल्या, तर घेणारा आणि देणारा दोघंही या दारातून बाहेर. दूध, भाकरी, शेंगदाणे, डाळ आणि आठ तास झोप. परवडतं तेवढं खा, पण रात्री बारापर्यंत मोबाइल बघून पहाटेचा खुराक अंगी लागत नाही.

माझा राग त्या चिनी विद्येवर नाही, हे नीट समजून घ्या. त्या लोकांनी जे कमावलं ते खरं आहे, आणि आपल्या तालमींनी जे कमावलं तेही खरं आहे. दोन्हीकडची वाट एकच. आधी ठेवण. मग सावकाश सराव. मग जोडीदाराबरोबर ठरवून केलेला डाव. मग विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर. सगळ्यात शेवटी मैदान. कोणती पायरी कधी चढायची हे शिष्य ठरवत नाही, शिकवणारा ठरवतो. तुम्हाला मधल्या पायऱ्या गाळून थेट जत्रेतला फेटा आणि नारळ पाहिजे. तो मिळणार नाही.

उद्यापासून काय होणार ते ऐका. पहाटे आल्याबरोबर सगळ्यांनी मिळून हौद खणायचा. कुणाचा बाप सरपंच असला तरी फावडं त्याच्या हातात. त्यानंतर उभं राहायचं, मी थांब म्हणेपर्यंत. सुरुवात थोड्यापासून, पण मधे मोडायचं नाही. मग जोर आणि बैठका. कमी मारा, पण एकही खोटा नको. मग नुसती खडाखडी, डाव टाकायला बंदी, ती मी उठवीन तेव्हा उठेल. प्रत्येकानं एकच डाव निवडायचा आणि त्याची तोड शिकायची. दुसऱ्या डावाचं नाव काढलं तर पुन्हा पहिल्यापासून. मल्लखांबावरचे कपडे आजच काढा. मोबाइल घरी.

ज्याला हे जमणार नाही त्यानं आज, आत्ता सांगावं. त्याच्यावर माझा राग नाही, शेती आहे, शाळा आहे, खुशाल जावं. पण इथं यायचं आणि अर्धं करायचं, हे बंद. पाच वाजता दार उघडेल, सव्वापाचला बंद होईल. उशिरा येणाऱ्यानं पायरीवरूनच घरी परत जायचं, आणि बापाला सांगायचं की वस्तादांनी घेतलं नाही.